डोलकाठीला भोक पाडण्याआधी

[दृश्य: दोन लाकडी घोड्यांवर आडवी ठेवलेली ॲल्युमिनिअमची डोलकाठी. कॅमेरा बुंध्यापासून टोकाकडे सरकतो.]

लहान कॅटमरानची, म्हणजे दोन अंगं जोडून केलेल्या शिडाच्या होडीची, ही डोलकाठी. लांबी आठ मीटर, आतून पोकळ. भिंतीची जाडी मात्र जेमतेम अडीच मिलिमीटर. तिच्यावर आज तीन कामं आहेत. वरच्या भागात एका जादा शिडाच्या दोरासाठी कप्पी बसवायची. तो दोर खाली जिथे हाताशी येतो तिथे तो अडकवायला क्लीट बसवायचा. आणि तणावे, म्हणजे काठीला उभी धरणाऱ्या तारा, जिथे अडकतात ती झिजलेली पट्टी बदलायची.

तिन्ही फिटिंग टेबलावर तयार आहेत. स्क्रू, रिव्हेट, ड्रिल, सगळं आहे. तरी कारागीर अजून ड्रिलला हात लावत नाही. तो नुसता डोलकाठीकडे बघतोय, आणि त्याचं बघणं समजून घेण्यासारखं आहे.

[दृश्य: डोलकाठीचा बुंधा. गोळा आणि वाटी.]

अशा लहान कॅटमरानची डोलकाठी बहुधा फिरती असते. बुंध्याशी एक गोळा, त्याखाली वाटी. काठीचा आडवा छेद थेंबासारखा निमुळता. वारा ज्या अंगाने येतो तिकडे ती तोंड वळवते, म्हणजे वारा काठीवरून अडखळत न जाता थेट शिडावर येतो. फिरता यावं म्हणून बाजूचे दोन तणावे आणि पुढचा एक, असे तिघेही समोरच्या अंगाला, एकाच पट्टीत येऊन अडकतात. होडीबाहेर लटकून तोल सांभाळणाऱ्या खलाशाची तारही बऱ्याच होड्यांवर तिथेच असते. म्हणजे काठीवरची सगळ्यात मोठी ओढ तळहाताएवढ्या जागेत एकवटते.

त्यात ही होडी दोन हलांवर, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या दोन लांबट अंगांवर, रुंद पसरलेली. एका हलाची होडी सोसाट्याचा वारा आला की कलते, शिडावरचा दाब थोडा निसटून जातो. कॅटमरान तितक्या सहज कलत नाही. तो झटका तणाव्यांना आणि डोलकाठीला सोसावा लागतो.

आता भोकाकडे येऊ. १८९८ साली गुस्ताव किर्श या जर्मन अभियंत्याने ताणलेल्या रुंद पत्र्यातल्या गोल भोकाचं गणित मांडलं. भोकाच्या काठावरचा ताण आसपासच्या पत्र्यातल्या ताणाच्या तिप्पट होतो. गंमत अशी की भोक तीन मिलिमीटरचं असो की दहाचं, रुंद पत्र्यात ही तिप्पट तशीच राहते. मोठ्या भोकात धातू जास्त जातो हे खरं, पण ‘बारीकच तर भोक आहे’ हा दिलासा फसवा आहे. आणि भोकाला कोपरा असेल, चौकोनी खाच असेल, तर तीन पटींवरही भागत नाही. तडा तिथूनच सुरू होतो.

म्हणून जागा निवडणं हे यातलं खरं काम, आणि माझ्या मते अर्धं तरी कौशल्य तिथेच पणाला लागतं. तणाव्यांच्या पट्टीच्या आसपास काठी सगळ्यात जास्त वाकू पाहते. नवं भोक तिथून लांब. एकाच उंचीवर, काठीभोवती चारी बाजूंनी भोकं कधीच नाहीत. तशी रांग म्हणजे टपाल तिकिटांमधली फाडायची ओळ. कप्पीची भोकं एका पातळीवर आली, तर क्लीटची हातभर खाली सरकवायची. दोन भोकांत भोकाच्या व्यासाच्या तिप्पट तरी अंतर, आणि फिटिंगच्या कडेपासून दुप्पट.

कुणी विचारेल, भोकच नको, वेल्डिंग करून टाका. तर नाही. ही मिश्रधातूची नळी तापवून, थंड करून, मुरवून कडक केलेली असते. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारची जागा मऊ पडते, ताकद निम्म्यावर येऊ शकते. भोक परवडलं.

[दृश्य: काठीवर चिकटपट्टी, तिच्यावर पेन्सिलीची खूण. पंचाचा एक ठोका.]

काठी गोलसर आहे, ड्रिल घसरतं. म्हणून आधी चिकटपट्टी, मग पंच, मग तीन मिलिमीटरचं वाटदर्शक भोक, आणि शेवटी हवं त्या मापाचं. ड्रिल काटकोनात धरायचं. हात डगमगला की भोक लांबट होतं, आणि लांबट भोकात रिव्हेट कधीच घट्ट बसत नाही. बिटावर एक कडं अडकवलेलं दिसतंय ना? ड्रिल आत जास्त घुसून, शिडाची कड ज्यात सरकते त्या खोबणीची भिंत फोडू नये, यासाठी ते आहे. पहिलं भोक पडलं की फिटिंग त्याच्यावर धरून, एक रिव्हेट नुसतं अडकवून, मग बाकीची भोकं फिटिंगमधूनच पाडायची. मोजमाप कितीही काटेकोर असलं तरी गोलाईवर ते थोडं फसवतं.

कडेचे बर, म्हणजे धातूचे टोकदार कंगोरे, कानशीने काढायचे. कीस पूर्ण झाडायचा.

आता बसवायचं कशाने? भिंतीत आटे पाडून स्क्रू, की रिव्हेट? एक साधा हिशेब. एम६, म्हणजे सहा मिलिमीटर जाडीच्या स्क्रूच्या दोन आट्यांमधलं अंतर १ मिलिमीटर. भिंत अडीच मिलिमीटर, म्हणजे हातात अडीच आटे. एम५ चं अंतर ०.८, म्हणजे तीन आटे. म्हणून पातळ भिंतीत जाड स्क्रू आपोआप जास्त धरेलच असं नाही. एम५ साठी ४.२ मिलिमीटरचं भोक पाडून आटे काढायचे. क्लीटला हे पुरतं, कारण दोराची ओढ बव्हंशी काठीला समांतर येते, आणि क्लीट झिजला की सोडवून बदलता येतो.

तणाव्यांच्या पट्टीला मात्र रिव्हेट. रिव्हेट कापणाऱ्या ओढीला चांगलं टिकतं, उपटणाऱ्या ओढीला कच्चं. पट्टी काठीच्या गोलाईला नीट वळवलेली हवी, मग ओढ पृष्ठभागाला धरून उतरते. पट्टी जरा जरी उचललेली राहिली, तर प्रत्येक झटक्याला रिव्हेटची मान हलते. नवी पट्टी जुन्याच भोकांवर बसवायची, शेजारी नवी पाडायची नाहीत. जुनी लांबट झाली असतील, तर ४.८ ऐवजी ६.४ मिलिमीटरचं रिव्हेट घेऊन भोक तेवढंच गोल मोठं करायचं. ४.८ च्या रिव्हेटला ४.९ चं भोक. आणि लांबी बघून घ्यायची: दोन मिलिमीटरची पट्टी अधिक अडीचची भिंत, साडेचार मिलिमीटर पकडेल असंच रिव्हेट.

धातू कोणता, यावर वाद घालणारे बरेच भेटतील. ॲल्युमिनिअमचं रिव्हेट स्वस्त आणि मऊ, पण स्टेनलेस स्टीलच्या पट्टीखाली ते घालणं म्हणजे त्याचा बळी देणं. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की विजेचा बारीकसा प्रवाह सुरू होतो आणि ॲल्युमिनिअम झिजायला लागतं. इवलंसं रिव्हेट, वर मोठी स्टीलची पट्टी; झीज सगळी त्या इवल्या रिव्हेटवर. उलट स्टीलचा स्क्रू आणि भलीमोठी काठी असेल तर झीज सावकाश, पण तीही नेमकी स्क्रूच्या भोकातच. ॲल्युमिनिअमची पांढरी भुकटी आटे जाम करते, आणि मग स्क्रू सुटत नाही, तुटतो. मोनेल, म्हणजे निकेल आणि तांब्याचा मिश्रधातू, जोरकस ओढीच्या जागी बरा, कारण तो चिवट असतो. मात्र ॲल्युमिनिअमला तोही झिजवतो.

उपाय म्हणजे दोन धातूंना भेटू न देणं. पट्टीखाली पातळ प्लॅस्टिकचा थर, आणि प्रत्येक स्क्रूला, प्रत्येक रिव्हेटला बसवण्याआधी झीजरोधक पेस्ट. ॲनोडाइझ केलेल्या काठीला वरून संरक्षक थर असतो, पण भोकाच्या आतल्या कडेला नसतो. ती कड उघडी असते. ही पेस्ट लावायला अर्धा मिनिट लागतो, आणि घाईत नेमकी तीच गाळली जाते.

[दृश्य: सीलंटची नळी. रिव्हेटचं पिस्तूल.]

सीलंटशिवाय इथे चालत नाही, त्याचं कारण कॅटमरानच्या स्वभावात आहे. ही होडी उलटू शकते, आणि पूर्ण उपडी झाली, डोलकाठी तळाकडे गेली, की ती सरळ करणं फार जड जातं. हवेने भरलेली बंद काठी पाण्यावर तरंगते आणि होडीला आडवंच धरून ठेवते. आतला पोकळ भाग ५० चौरस सेंटिमीटर धरला, तर आठ मीटरमध्ये ४० लिटर हवा. तिच्या जागी पाणी शिरलं की ४० किलो ओझं, तेही टोकापर्यंत पसरलेलं.

साध्या रिव्हेटची खोच अशी की पिस्तुलाने ओढल्यावर त्याच्या मधली दांडी तुटून जाते आणि तिथे बारीक भोक उरतं. म्हणून एक तर बंद टोकाचं रिव्हेट वापरायचं, नाहीतर त्या भोकात सीलंटचा थेंब. आणि सीलंट निवडताना नाकावर भरवसा ठेवा: व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, ॲल्युमिनिअमला ते मानवत नाही.

कार्बनच्या तंतूंपासून केलेल्या काठीचं प्रकरण वेगळं आहे. तिथे कार्बनच ॲल्युमिनिअमला झिजवतो, म्हणून ॲल्युमिनिअमचं फिटिंग थेट टेकवायचंच नाही. आज आपल्यापुढे ती काठी नाही, पुढे जाऊ.

[दृश्य: साबणाच्या पाण्याचा ब्रश प्रत्येक जोडावरून फिरतो.]

सीलंट पुरतं सुकलं की परीक्षा. टोकाशी एका भोकातून सायकलच्या पंपाने हलकासा दाब, अगदी थोडा, आणि सगळीकडे साबणाचं पाणी. क्लीट कोरडा. पट्टीही. कप्पीच्या खालच्या रिव्हेटपाशी एक बुडबुडा फुगतो, फुटतो, पुन्हा फुगतो.

ते रिव्हेट आता ड्रिलने काढून नवं बसवायचं, पेस्ट आणि सीलंटसकट. मग परत पंप. काठी उभी केल्यावर तणावे ताणायचे, आणि पहिल्या जोरदार वाऱ्यातून परत आल्यावर ती पुन्हा आडवी घेऊन प्रत्येक रिव्हेटच्या डोक्याभोवती नखाने चाचपायचं: कुठे हलतंय का, रंग कुठे उचलला आहे का, पांढरी भुकटी दिसते का.