दात आतून जिवंत असतो

[दृश्य: उभी कापलेली दाढ, भिंगाखाली]

सर्वांत बाहेरचा पांढरा थर एनॅमलचा. त्याच्याखाली दिसतंय ते पिवळसर डेंटिन. दाताचा बहुतेक भाग याचाच असतो. आणि मधोमध ही पोकळी. दाढ तोंडात होती तेव्हा इथे मऊ, गुलाबी पल्प होता. त्यात रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि डेंटिन घडवणाऱ्या पेशी असतात.

एनॅमलच्या वजनात सुमारे ९६ टक्के खनिज असतं, डेंटिनमध्ये ७० टक्के. डेंटिनमधलं उरलेलं म्हणजे मुख्यतः कोलॅजन नावाचं प्रथिन आणि पाणी. त्यामुळे डेंटिन किंचित लवतं आणि वरच्या ठिसूळ एनॅमलला आधार देतं.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली डेंटिनचा आडवा छेद]

डेंटिन भरीव वाटतं, पण ते असंख्य नलिकांनी भरलेलं आहे. पल्पजवळ एका चौरस मिलिमीटरमध्ये ४५ हजारांच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त! प्रत्येक नलिकेत द्रव असतो आणि तिच्या आतल्या टोकाशी ओडोंटोब्लास्ट नावाची पेशी. ही पेशी पल्पच्या कडेला बसते आणि आपला एक लांब धागा नलिकेत सोडते. म्हणूनच पल्प आणि डेंटिन वेगळे धरताच येत नाहीत.

हिरडी खाली सरकून मुळाचं डेंटिन उघडं पडलं, की गार पाण्याचा घोट घेताच सणक जाते. गारव्याने नलिकांमधला द्रव झटकन सरकतो आणि आतल्या मज्जातंतूंना ते जाणवतं. स्वीडनच्या मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६०च्या दशकात प्रयोगांनी हे स्पष्टीकरण भक्कम केलं.

ठणका वेगळा. कीड खोल गेली की पल्पला सूज येते. पण चहूबाजूंनी कठीण भिंती, फुगायला जागाच नाही. रात्री आडवं झालं की डोक्याकडचा रक्तदाब वाढतो आणि ठणका असह्य होतो. नेमकी कोणती दाढ दुखतेय, हेही पुष्कळदा सांगता येत नाही.

एनॅमल बनवणाऱ्या पेशी दात उगवतानाच नाहीशा होतात. ओडोंटोब्लास्ट मात्र पल्प जिवंत असेपर्यंत काम करतात. वयानुसार आतून डेंटिन साचत जातं, म्हणून म्हाताऱ्या माणसाच्या एक्स-रेमध्ये पोकळी अरुंद दिसते. कीड हळू पुढे सरकत असेल, तर नेमक्या तिच्याच समोर त्या नवा थर चढवतात. हे मला फार विलक्षण वाटतं.

[दृश्य: लहान मुलाच्या पुढच्या दातांचा एक्स-रे]

सात-आठ वर्षांचं मूल पडून त्याचा पुढचा दात तुटला आणि पल्प उघडा पडला, तर तो वाचवण्यासाठी धडपड करावी ती याचसाठी. या वयात मुळाचं टोक अजून उघडं असतं. दंतवैद्य पल्पचा वरचा एक-दोन मिलिमीटर भाग काढून त्यावर औषधी सिमेंट बसवतात. उरलेला पल्प जगला तर पुढच्या दोन-तीन वर्षांत मूळ लांब होतं, त्याच्या भिंती जाड होतात आणि टोक बंद होतं. पल्प मेला, तर मूळ तिथेच आखूड आणि पातळ राहतं.