पोरांना महापूर सांगता, मग हे का नाही?

नमस्कार. मागं उभे आहेत त्यांनी पुढं या, पायऱ्यांवर बसलात तरी चालेल. आणि ज्यांनी पोरांना सोबत आणलंय त्यांनी त्यांना बाहेर खेळायला पाठवू नका, विषय त्यांचाच आहे. पत्रिकेवर 'दहशतवाद आणि मुलांशी संवाद' असं छापलंय आणि संयोजकांनी बजावलंय की बाई, कुठल्या वयाला काय सांगायचं ते सांगा. सांगणार आहे. पण आधी एक गोष्ट माझ्या मनात कित्येक वर्षं बसलीय, भेटेल त्याला ऐकवत आलेय, आज एवढी माणसं एकदम सापडलीत तर सोडत नाही.

कोल्हापुरातल्या कुठल्याही चौथी-पाचवीच्या पोराला विचारा, पंचगंगेची इशारा पातळी किती? 39 फूट. धोका पातळी? 43. कुठं मोजतात? राजाराम बंधाऱ्यावर. (बघा, तिसऱ्या रांगेतनं उत्तर आलंच!) 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ हायवे बंद, गावात दूध मिळेना, पेट्रोल मिळेना, शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं बोटीनं बाहेर काढली, तिकडं सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. यातलं काय लपवलं आपण पोरांपासून? काहीच नाही. उलट पाणी कुठल्या गल्लीपर्यंत आलंय ते पोरंच आपल्याला येऊन सांगत होती. घाबरली होती, नाही कसं म्हणू, पण त्यांना माहीत होतं की पाणी किती वाढलंय, राधानगरीचे किती दरवाजे उघडलेत, आपल्या दारात आलं तर कुणाच्या घरी जायचं. भीतीला माप होतं आणि पुढं काय करायचं ते ठरलेलं होतं.

आता तेच पोरगं विचारतं, अतिरेकी म्हणजे काय, ते आपल्याकडं येणार काय, तर आपण म्हणतो, "गप, तुला काय करायचंय? अभ्यास कर." आणि टीव्ही चालूच!

2025 च्या एप्रिलातली गोष्ट. 22 तारखेला पहलगामला हल्ला झाला, 26 माणसं मारली. दुसऱ्या दिवशी एका शाळेच्या पालक ग्रुपवर मेसेज आला, कृपया सदर घटनेबाबत मुलांसमोर चर्चा करू नये. मला फार राग आला, अजून येतो. कारण त्याच ग्रुपवर त्याच दुपारी कुणीतरी रक्ताचे फोटो टाकले होते आणि निम्म्या घरात मोबाईल पोरांच्याच हातात असतो. म्हणजे बघायचं सगळं, फक्त विचारायचं नाही! त्या शाळेतल्या दोन बाईंना वर्गात बोलायचं होतं, पोरं विचारत होती म्हणून, तर त्यांना वरनं सांगितलं, नसते उद्योग नकोत. अहो नसते कसे, पोरगं विचारतंय तर शाळेचा दुसरा उद्योग काय आहे?

तर आमच्या शेजारचा नातू, चौथीतला. परीक्षा संपली, घरच्यांनी रविवारी पन्हाळ्याला जायचं ठरवलं, तर हा म्हणाला पोटात दुखतंय. पुढच्या रविवारी परत पोटात दुखतंय. बाप चिडला, "ह्याला मोबाईल सोडून कुठं जायला नको." आई डॉक्टरकडं घेऊन गेली, पोटात काहीच नाही. मग एका संध्याकाळी हा माझ्याकडं शेंगा खात बसलेला, मी सहज विचारलं, पन्हाळा आवडत नाही काय रे? तर म्हणतो, "आज्जी, तिथं फिरायला आलेली माणसं असतात, डोंगर हाय, आणि वर जायला एकच रस्ता हाय, पळायचं कुठनं?"

बघा म्हणजे. नऊ वर्षांच्या पोरानं एकट्यानं डोक्यात सगळा हिशोब मांडला होता. त्यानं टीव्हीवर गवताळ पठार बघितलं, घोडे बघितले, फिरायला आलेली माणसं बघितली, आणि त्याला माहीत असलेली तसली जागा एकच, पन्हाळा. आणि हे सगळं पोटात ठेवून दोन आठवडे फिरत होता, कारण पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं तेव्हा बाप म्हणाला होता, तू बघू नको तसलं. वाईट बाप नाही हो तो, प्रेमानंच म्हणाला. पण पोराला कळलं ते एवढंच की ही गोष्ट इतकी भयंकर आहे की बाबापण तिचं नाव काढत नाहीत.

मी नकाशा काढला. पहलगाम दाखवलं, कोल्हापूर दाखवलं, पट्टीनं मोजायला लावलं, रस्त्यानं गेलं तर 2000 किलोमीटरच्या वर. मग झालं ते सांगितलं. बंदूक घेऊन माणसं आली, त्यांनी फिरायला आलेल्यांना मारलं, 26 जण गेले, त्यात आपल्या महाराष्ट्रातले सहा होते. कसं मारलं ते त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. विचारलं काय, तर "मग कुणी थांबवलं नाही त्यास्नी?" तेव्हा त्याला सय्यद आदिल हुसैन शाहचं सांगितलं, तिथलाच घोडेवाला, पाहुण्यांना वाचवायला गेला आणि त्यातच मारला गेला. पोरगं बराच वेळ गप्प. मग विचारतो, त्याचा घोडा स्वतःचा होता काय? म्हटलं मला माहीत नाही. आणि हे लक्षात ठेवा, पोरांना "मला माहीत नाही" चालतं, "काही नाही, काही नाही" चालत नाही. त्यानंतरच्या रविवारी पोट दुखलं नाही. वर जाऊन पिठलं-भाकरी खाऊन आला, माझ्यासाठी करवंदं घेऊन आला.

आता कुणी म्हणेल, बाई, हे सगळं लांबचं, आपल्याकडं काय होतंय. 16 फेब्रुवारी 2015, याच शहरात कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताई सकाळी फिरून घराकडं येत होते आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. चार दिवसांनी पानसरे गेले. त्या आठवड्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीनं तिच्या आजोबांची चप्पल लपवून ठेवली, सकाळी फिरायला जाऊ नयेत म्हणून. पोरांना सगळं कळतं हो. अर्धवट कळतं, ही पंचाईत आहे.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं राहिलीत म्हणे, आणि वयाचं अजून सुरूच केलं नाही. घाईत सांगते, लक्ष द्या.

सहा-सात वर्षांच्या आतल्यांना बातम्या दाखवूच नका, एवढं एक कराच. एकच क्लिप दिवसभर परत परत लागते, लहान पोराला वाटतं परत झालं, आत्ता झालं. विचारलं तर दोन वाक्यं पुरेत, लांब एका ठिकाणी वाईट माणसांनी लोकांना इजा केली, पोलिस कामाला लागलेत, मी तुझ्याजवळ आहे. आणि हे मोठ्यांनापण लागू आहे. 2013 ला बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्ब फुटले, त्यानंतर अमेरिकेतल्या संशोधकांनी मोठ्या माणसांचा अभ्यास केला, तर त्या आठवड्यात रोज 6 तास किंवा जास्त बातम्या-व्हिडिओ बघणाऱ्यांना प्रत्यक्ष जागेवर असलेल्यांपेक्षा जास्त ताण आलेला दिसला. तेव्हा जेवताना टीव्ही बंद.

आठ ते बारा, म्हणजे त्या शेजारच्या नातवाचं वय, त्यांना आधी विचारा, तू काय ऐकलंस? मग तेवढंच दुरुस्त करा. आणि "तुला कधीच काही होणार नाही" असली शपथ घेऊ नका, ते पोरालाही पटत नाही. असं क्वचित होतं, अंबाबाईच्या देवळात बॅग तपासतात ती त्याच्यासाठीच, हरवलास तर पोलिसाजवळ जा, आईचा नंबर पाठ कर, असं सांगा. आणि कोण धावलं ते सांगा. 26 नोव्हेंबर 2008 ला मुंबईत 10 अतिरेकी आले, 166 माणसं गेली, हे सांगताना तुकाराम ओंबळे सांगा, आपल्या साताऱ्याच्या केडंबे गावचे, हातात फक्त लाठी, कसाबची बंदूक धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, म्हणून तो जिवंत सापडला. सीएसटीला माईकवरनं लोकांना बाहेर काढणारे विष्णू झेंडे सांगा. कामा हॉस्पिटलच्या नर्स अंजली कुलथे, 20 गरोदर बायकांना आतल्या खोलीत नेऊन वाचवलं, मग कोर्टात कसाबला ओळखलं, त्या सांगा.

मोठी पोरं, तेरा-चौदाच्या पुढची, यांच्याकडं माहिती आपल्यापेक्षा जास्त असते, खोटीपण जास्त असते. मे 2025 ला व्हिडिओ गेममधली क्लिप खऱ्या लढाईची म्हणून फिरली, सरकारच्या माहिती खात्याला, पीआयबीला, खोटी म्हणून सांगावं लागलं. सोबत बसून तपासा.

आणि सगळ्यात अवघड प्रश्न, जो पोरं विचारतातच, "ही माणसं कोण, मुसलमान काय?" इथं गडबडू नका आणि खोटंही बोलू नका. संघटनेचं नाव सांगा, लष्कर-ए-तैयबा, ते धर्माचं नाव घेऊन मारतात हेही सांगा. आणि पुढचं अर्धं गिळू नका. 26/11 ला मेलेल्यांत मुसलमानही होते, आणि मुंबईच्या मुस्लिम ट्रस्टनं त्या नऊ मेलेल्या अतिरेक्यांना आपल्या कब्रस्तानात जागा द्यायला नकार दिला. पहलगामचा आदिल कोण होता ते मघाशी सांगितलंच. 7 जून 2023 ला मोबाईलच्या स्टेटसवरनं आपल्या कोल्हापुरात हिंदू-मुसलमानांत काय झालं, बंद, दगडफेक, इंटरनेट बंद, ते याच शहरातल्या पोरांनी खिडकीतनं बघितलंय. त्यांच्या वर्गात, बाकावर शेजारी बसणारं पोरगं आहे त्याच्याबद्दल आपण घरी काय बोलतो ते दुसऱ्या दिवशी त्या बाकावर पोचतं, म्हणून हा प्रश्न तोंडातल्या तोंडात सोडून देऊ नका, कितीही वेळ लागू दे, बसा आणि उत्तर द्या.

वेळ संपली म्हणतात, थांबते. प्रश्नांना दहा मिनिटं आहेत ना? मग माईक आधी पोरांकडं द्या, मोठ्यांनी हात खाली. तो तिसऱ्या रांगेतला, 43 फूट म्हणाला तो, त्याच्यापासून सुरू करा.