वजन उतरवणारी औषधं आणि आपलं मन

मित्रहो, वजन कमी करणाऱ्या औषधांचा मनावर काय परिणाम होतो, हे समजून घ्यायचं तर रिमोनाबंटपासून सुरुवात करायला हवी. २००६ साली युरोपात हे औषध बाजारात आलं. गांजा ओढल्यावर खा-खा सुटते, ती मेंदूतल्या ज्या रिसेप्टरमुळे (पेशीवरच्या संदेश घेणाऱ्या जागेमुळे), नेमका तोच हे औषध अडवायचं. भूक कमी व्हायची, वजनही उतरायचं. पण मनाची उभारी आणि चिंता यांच्याशीही त्याच रिसेप्टरचा संबंध असतो. लोक उदास होऊ लागले, अस्वस्थ होऊ लागले, काहींच्या मनात आत्महत्येचे विचार आले. जून २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या तज्ज्ञ समितीनं त्याच्या मंजुरीला एकमतानं विरोध केला. मानसिक त्रासाचा धोका जवळपास दुप्पट आहे असं दिसल्यावर ऑक्टोबर २००८ मध्ये युरोपातही विक्री थांबवायला सांगण्यात आलं. आपल्याकडेही ते विकलं जात होतं. २००९ च्या अखेरीस बंदी आली.

एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. या औषधाच्या मुख्य चाचण्यांमध्ये तीव्र नैराश्याचे रुग्ण घेतलेच नव्हते. दवाखान्यात मात्र तेही येणारच होते, कारण लठ्ठपणा आणि नैराश्य बरेचदा जोडीनं असतात.

आता वजन उतरवणारी सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइडची इंजेक्शनं आली आहेत. त्यांचं काम वेगळ्या मार्गानं चालतं. २०२३ मध्ये आइसलँडहून आत्महत्येच्या विचारांच्या काही नोंदी आल्या, तेव्हा युरोपच्या औषध संस्थेनं तपास केला आणि एप्रिल २०२४ मध्ये सांगितलं, की उपलब्ध पुराव्यांत औषधाचा दोष दिसत नाही. ही खरोखर दिलाशाची बातमी आहे. पण वजनासाठी झालेल्या सेमाग्लुटाइडच्या मुख्य चाचण्यांतूनही अलीकडे तीव्र नैराश्य येऊन गेलेली माणसं वगळली होती. तेवढ्यावरून अशा रुग्णाला इंजेक्शन नाकारू नये. त्याची झोप, मन:स्थिती मात्र दर भेटीत विचारावी. हाच नियम वजन उतरवण्यासाठी केलेल्या पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरही. जठराच्या बायपासनंतर दारू लवकर चढते आणि काहींना तिचं व्यसन लागतं.

आणखी एक दुखणं असतं औषध थांबल्यावरचं. इंजेक्शन महाग, त्यामुळे अनेकांना ते मध्येच सोडावं लागतं. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात, उतरलेल्या वजनापैकी सरासरी दोन-तृतीयांश परत आल्याचं एका अभ्यासात दिसलं. घरचे म्हणतात, ‘जिभेवर ताबा नाही.’ तो माणूसही स्वतःला तेच म्हणू लागतो. अहो, दबलेली भूक औषध थांबताच परत येते, हा शरीराचा धर्म आहे! सुरू करतानाच डॉक्टरांनी हे स्वच्छ सांगायला हवं.

शेवटी मनोविकाराच्या गोळ्यांबद्दल. ओलान्झापिन, मिर्टाझापिन यांनी वजन वाढतं, हे खरं आहे. तेवढ्यासाठी अनेकजण कुणालाही न सांगता गोळी बंद करतात आणि आजार उलटतो. कृपा करून असं करू नका. गोळी बदलता येते, कधी डोसही बदलता येतो. वजनाचे आणि मनाचे, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवा.