वेळ मिळतो हो, झोप मिळत नाही

नमस्कार मंडळी. आयोजकांनी विषय दिलाय तो असा की नोकरी, पीएचडी आणि घर सांभाळून मॅरेथॉनची तयारी कशी करायची, आणि फोनवर वर असंही म्हणाले की मॅडम जरा मोटिव्हेशनल होऊ द्या. ते मला जमायचं नाही, आधीच सांगून टाकते. मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते, पार्टटाइम पीएचडी चालू आहे, घरी सासूबाई, नवरा आणि सहावीतला मुलगा, आणि माझा फुल मॅरेथॉनचा, म्हणजे ४२ किलोमीटरचा, टाइम इतका साधा आहे की तो ऐकून कुणाच्या अंगावर काटा वगैरे येणार नाही. हिशोब मात्र मी बरा करते, तर आज हिशोबच बोलू.

पहिला प्रश्न सगळीकडे एकच असतो, वेळ कसा काढता? स्टाफरूममध्ये तोच, लग्नाच्या पंगतीत तोच, सोसायटीच्या मीटिंगलाही तोच. तर बघा, ज्याला पाच तासांच्या आसपास फुल पूर्ण करायचीय अशा आपल्यासारख्या हौशी माणसाला आठवड्यात चार दिवस पळणं पुरतं. मंगळवारी सात-आठ किलोमीटर निवांत, गुरुवारी तेवढंच पण मध्ये थोडा टेम्पो, म्हणजे जरा वेगात, शनिवारी पाच-सहा अगदी हलकं, आणि रविवारी लाँग रन, जो वाढत वाढत ३०-३२ पर्यंत जातो. ऐन भरात आठवड्याचे ५० किलोमीटर धरा. किलोमीटरला साडेसात मिनिटं लागली तरी सव्वासहा तास. त्यात दोनदा अर्धा-अर्धा तास स्ट्रेंथ, म्हणजे ताकदीचे व्यायाम, झाले सव्वासात. आठवड्यात तास असतात १६८. मोबाईलमध्ये स्क्रीन टाइम म्हणून एक आकडा असतो, तो घरी जाऊन एकट्याने बघा, इथे मोठ्याने वाचू नका.

म्हणजे वेळ असतो, नसते ती झोप. आणि हे प्लॅनच्या कुठल्याच चार्टमध्ये लिहिलेलं नसतं. चार्टमध्ये मंगळवार ८, गुरुवार टेम्पो असं असतं, पण बुधवारी रात्री एक वाजेपर्यंत तुम्ही रिव्ह्यूअरच्या शेऱ्यांना उत्तरं लिहीत बसला होतात हे त्या चार्टला काय माहीत. पळताना शरीर सुधारत नाही, पळताना ते थकतं, मोडतं, आणि जी काय दुरुस्ती होते ती नंतर खाण्यातून आणि झोपेतून. मोठ्या माणसाला सात तास झोप लागते हे डॉक्टर नेहमीच सांगतात, आपण ते ऐकतो आणि रात्री साडेअकराला लॅपटॉप उघडतो. शिवाय शरीराकडे कॉलेजचं वेगळं, पीएचडीचं वेगळं आणि पळण्याचं वेगळं असं खातं नसतं, सगळं एकाच खात्यातून वजा होतं. मुलाला रात्री ताप होता, तुम्ही तीनदा उठलात, तर सकाळी पाय जड असणारच, त्यात तुमचा फिटनेस घसरलाय असं काही नसतं.

म्हणून मी जे केलं ते सांगते, तुम्हाला पटलं तर घ्या. पावणेपाचचा अलार्म रोजच. मंगळ, गुरु, शनि त्या वेळात पळायचं आणि सोम, बुध, शुक्र त्याच वेळात, त्याच चहावर, थिसिस लिहायचा. म्हणजे पळण्यासाठी वेगळी पहाट आणि पीएचडीसाठी वेगळी रात्र असं दोन्ही टोकांनी झोप कापायची नाही. रात्री साडेनऊनंतर संशोधन बंद. माझे गाईड आधी थोडे नाराज होते, कारण त्यांना रात्री अकराला मेल टाकायची सवय आणि त्यावर साडेअकराला उत्तर यायला हवं अशी अपेक्षा, पण मी त्यांना सरळ सांगितलं की सर, तुमच्या मेलचं उत्तर सकाळी सहाच्या आत मिळेल, आणि ते मिळायला लागल्यावर विषय संपला. बरेच जण सल्ला देतात की गाईडला मॅरेथॉनचं सांगू नका, त्यांना वाटेल हिचं लक्ष नाही. मला उलट वाटतं. सहा महिन्यांनी प्रोग्रेस प्रेझेंटेशन असतंच, तिथे काम दिसलं की तुम्ही पहाटे काय करता याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं.

दुसरा नियम, सहा तासांपेक्षा कमी झोप झाली असेल तर त्या दिवशी टेम्पो रद्द. हळू पळा किंवा सरळ झोपून राहा. चुकलेला टेम्पो दुसऱ्या दिवशी भरून काढायचा नाही, तो गेला.

आणि हळू म्हणजे खरंच हळू. हे मी इतक्या वेळा सांगते तरी कुणी ऐकत नाही, विशेषतः नवीन मुलं, कारण स्ट्रावा नावाच्या पळण्याच्या अ‍ॅपवर पेस, म्हणजे किलोमीटरला किती मिनिटं लागली ते, सगळ्यांना दिसतं ना. विद्यापीठाच्या आवारात सकाळी बघा, निम्मे लोक ईझी रनच्या नावाखाली धापा टाकत असतात. ईझी म्हणजे शेजारच्याशी अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे, तेही कुणाची तरी चुगली करण्याइतकं लांब. पाचातले चार किलोमीटर असेच जायला हवेत. वेगाने पळण्याचा फायदा असतोच, मी नाही म्हणत नाही, पण त्याची वसुली पुढचे दोन दिवस चालते, आणि आपल्याला त्या दोन दिवसांत चार लेक्चरं, एक प्रॅक्टिकल बॅच आणि पालकसभा असते. ज्याला दुपारी दोन तास झोपता येतं त्याने रोज वेगात पळावं.

आता कुणी म्हणेल की अशाने फक्त पूर्ण करण्यापुरतंच होतं. तर २०१८ ची बोस्टन मॅरेथॉन आठवा. एप्रिलचा महिना, पण कडाक्याची थंडी, वरून पाऊस आणि समोरून वारा, मोठमोठे प्रोफेशनल रनर मध्येच सोडून बाहेर पडले. पुरुषांत जिंकला युकी कावाउची, २:१५:५८. हा जपानमध्ये सैतामा प्रांतात सरकारी नोकरीत होता, शाळेच्या ऑफिसात, दुपारपासून रात्री नऊच्या पुढेपर्यंत ड्युटी. जपानमधले कंपन्यांच्या टीममधले रनर दिवसातून दोनदा सराव करतात, हा सकाळी एकदाच पळायचा आणि मग कामावर. त्याची कमी पडणारी तयारी तो रेसमध्येच करायचा, इतक्या रेस पळायचा की लोक त्याला वेडा म्हणायचे. नोकरी सोडून पूर्णवेळ रनर झाला तो दुसऱ्या वर्षी, २०१९ मध्ये.

आणि त्याच दिवशी बायकांमध्ये दुसरी कोण आली, तर सारा सेलर्स. तिचं नाव कॉमेंट्री करणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनमध्ये नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी भूल देणारी, पूर्णवेळ नोकरी. आदल्याच वर्षी तिचं त्या विषयातलं पदव्युत्तर शिक्षण संपलेलं. पळायची कधी, तर पहाटे चारला ड्युटीच्या आधी नाहीतर संध्याकाळी सातला ड्युटीनंतर. आयुष्यातली दुसरी मॅरेथॉन, २:४४:०४, आणि बक्षीस ७५,००० डॉलर. आता आपण काही सारा सेलर्स होणार नाही, तिच्या टाइमच्या जवळपास यायला मला दोन जन्म लागतील. पण मला या दोघांचं आवडतं ते हे की त्यांनी नोकरीचे तास धरून सराव बसवला, सरावासाठी वेगळं आयुष्य मिळायची वाट बघितली नाही. तसा तो रॉजर बॅनिस्टर, १९५४ मध्ये चार मिनिटांच्या आत मैल धावणारा पहिला माणूस, तोही मेडिकलचा विद्यार्थी होता आणि जेवणाच्या सुट्टीत सराव करायचा. अर्थात तो मैल होता, मॅरेथॉन जेवणाच्या सुट्टीत बसत नाही.

बरं, कॅलेंडर. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते, बहुतेक तिसरा रविवार. तिथून १६-१८ आठवडे मागे या, सप्टेंबर लागतो. म्हणजे तयारी सुरू गणपतीच्या आगेमागे, मग नवरात्र, मग दिवाळी, आणि सगळ्यात मोठे लाँग रन येतात नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, जेव्हा आमच्याकडे सेमिस्टरची परीक्षा, सुपरव्हिजन आणि पेपर तपासायचं कॅप असतं. कॅपच्या आठवड्यात दिवसभर मान खाली घालून गठ्ठे उपसल्यावर कुणाला ३० किलोमीटर पळायची ताकद राहते? मला राहत नाही. म्हणून प्लॅन करताना आधी सगळ्यात वाईट आठवडे लाल पेनने मारून घ्या. परीक्षा, घरचं लग्न, पेपर सबमिशनची डेडलाइन. त्या आठवड्यात पळणं निम्म्यावर, आणि मोठा रन त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे. नाहीतर लोक काय करतात, आदर्श आठवडा धरून प्लॅन बनवतात, आणि असा आठवडा मे महिन्याशिवाय उगवत नाही, आणि मेमध्ये पुण्यात पळवत नाही.

आता घराचं. यावर जास्त बोलणार आहे कारण यावर कुणीच बोलत नाही. रविवारचा ३० किलोमीटर म्हणजे पावणेचार तास फक्त पळणं, त्यात जाणं-येणं, स्ट्रेचिंग, अंघोळ, आणि मग दुपारी माणूस सोफ्यावर आडवा, ना बाजारात जाऊ शकतो ना मुलाचा प्रोजेक्ट करू शकतो. अख्खा रविवार जातो. तो रविवार घरातल्या कुणाच्या तरी खिशातून जातो. इथल्या पुरुष रनर मंडळींना एक विचारते, राग मानू नका. तुम्ही रविवारी चार तास पळून घरी येता, मेडलसारखा चेहरा करून दारात उभे राहता, तेव्हा आतून गरम पोह्यांचा वास येतो ना? ते पोहे कोण करतं? आणि तिला पळायचं असतं तर? मी पळून घरी येते तेव्हा मला लोक विचारतात, मुलाचं कोण बघतं. माझ्या नवऱ्याला ट्रेकहून आल्यावर हा प्रश्न आजपर्यंत कुणी विचारलेला नाही.

आमच्याकडे सरळ वाटणी आहे. रविवार दुपारी दोनपर्यंत माझा, शनिवार दुपारनंतरचा नवऱ्याचा, ट्रेक करो, झोपो, मित्रांकडे जावो. रविवारचा नाश्ता तो करतो, आधी उपमा खळीसारखा व्हायचा, आता बरा होतो. सासूबाईंचा प्रश्न वेगळा होता. पहिल्या हाफ मॅरेथॉननंतर मेडल हातात घेऊन त्यांनी उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, एवढं पळून हे देतात? आणि फी तूच भरतेस?" म्हटलं, "हो आई." "मग त्यांचं बरंय." त्यांचा विरोध पळण्याला नव्हताच, अंधारात एकटीने बाहेर पडायला होता, आणि तो बरोबर होता. कुत्री, अर्धवट खणलेले रस्ते, आणि बाकीचं मी सांगायला नको. आता मी ग्रुपबरोबरच निघते आणि लाइव्ह लोकेशन घरच्या ग्रुपवर असतं. सासूबाई ते बघत बसतात, एकदा फोन आला की तू मघापासून एकाच जागी का थांबलीयस. चहा पीत होतो आम्ही.

शनिवारी रात्रीची तयारी मात्र हलक्यात घेऊ नका. माझ्या ओट्यावर कोपऱ्यात ठरलेली जागा आहे, तिथे लिंबू-साखर-मिठाच्या पाण्याच्या दोन बाटल्या, शेंगदाण्याची नव्हे, राजगिऱ्याची चिक्की कारण ती चावायला हलकी, बिया काढलेले खजूर प्लास्टिकच्या पुडीत, आणि पट्ट्याला लावायची पिन. हे सगळं पहाटे शोधत बसलं की डबे वाजतात, घर उठतं, आणि मग पुढच्या रविवारी वाटाघाटी अवघड होतात. खाण्याचं कारणही सांगते. शरीरात ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या साखरेचा, साठा साधारण ४००-५०० ग्रॅम, म्हणजे जास्तीत जास्त दोन हजार कॅलरी. ६० किलोच्या माणसाला किलोमीटरला ढोबळमानाने ६० कॅलरी लागतात, ४२ किलोमीटरचे अडीच हजार होतात. थोडी चरबीही जळते, पण तिचा वेग कमी. म्हणून ३०-३२ च्या आसपास जी भिंत लागते म्हणतात, म्हणजे ताकद एकदम संपते, ती लागते. तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं, आणि काय झेपतं ते लाँग रनला बघून ठेवायचं. मुंबईत पेडर रोडच्या चढावर पहिल्यांदा एनर्जी जेलची पुडी उघडून बघायचं नाही. बायकांना आणखी एक, सतत थकवा असेल तर प्लॅन बदलण्याआधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्या, आपल्याकडे निम्मी उत्तरं तिथेच सापडतात.

शेवटचं म्हणजे माघार. थिसिस सबमिशन आणि फुल मॅरेथॉन एकाच महिन्यात येत असतील तर फुल सोडा. फी गेली तर गेली. त्या वर्षी हाफ करा, सातारा हिल हाफ मॅरेथॉन करा, यवतेश्वरचा चढ २१ किलोमीटरमध्येही पुरेसा माज उतरवतो. व्हायवा झाल्यावर पुढचा जानेवारी आहेच, आणि तेव्हा सोम-बुध-शुक्रची पहाटही मोकळी असेल, तिचं काय करायचं ते माझंही अजून ठरलेलं नाही, नवरा म्हणतो झोप.

चला, प्रश्न घेऊया. फक्त शूज कुठले घ्यावेत हे विचारू नका, मागच्या वेळी त्यावरून इथे दोन गट पडले होते आणि चहा गार झाला होता.