लम्पीची खपली

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

लम्पी, म्हणजे गायी-बैलांचा तो गाठींचा आजार, म्हटलं की २०२२ चा पावसाळा आठवतो. ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या चिनावलला, रावेर तालुक्यात, जनावरं आजारी पडली आणि बघता बघता राज्यभरचे बैलबाजार बंद झाले. ताप, अंगभर गाठी, सुजलेले पाय, आटलेलं दूध हे सगळं तुम्ही पाहिलंय, ते मी पुन्हा सांगत बसत नाही. मला बोलायचंय गाठीवरच्या खपलीबद्दल. गोठ्यात ती गळून पडते आणि शेणाबरोबर उकिरड्यावर जाते. पण या रोगाबद्दल जे कळलंय, त्यातलं बरंचसं तिच्यामुळेच कळलंय.

हा रोग पहिल्यांदा नोंदला गेला १९२९ मध्ये, आफ्रिकेतल्या आजच्या झांबियात. तिथल्या जाणकारांना वाटलं, जनावराच्या खाण्यात काही विषारी आलं असेल, नाहीतर किडे चावून गांधी उठल्या असतील. पुढची चौदा-पंधरा वर्षं हाच समज होता. मग दक्षिण आफ्रिकेत साथ आली. तिथे आजारी जनावराच्या गाठीचा अंश निरोगी जनावराला टोचून पाहिला, तर त्यालाही गाठी आल्या. म्हणजे विषबाधा नव्हे, संसर्ग! त्या साथीत सुमारे ८० लाख जनावरांना लागण झाली.

गंमत अशी, की किड्यांवरचा आळ अगदीच खोटा नव्हता. गाठी येतात विषाणूमुळे, पण तो विषाणू एका दावणीवरून दुसरीवर नेतात चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचिडी. आपला डेंग्यूचा डास आजारी जनावराला चावला, तर पुढे दोन ते सहा दिवसांपर्यंत तो निरोगी जनावराला लागण देऊ शकतो, हे प्रयोगात दिसलंय. म्हणून त्या जुन्या मंडळींना हसायला मी तरी धजत नाही.

आपल्या देशात लम्पी आला २०१९ मध्ये, ओडिशातून. त्याच साथीत रांचीकडच्या गायींच्या खपल्या हरियाणात, हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात गेल्या. घोड्यांच्या संस्थेत गायीचं काय काम, असं वाटेल. पण जनावरांच्या विषाणूंचा राष्ट्रीय संग्रह तिथेच आहे. शास्त्रज्ञांनी खपलीतला विषाणू शेळीच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवला. त्याची जनुकं तपासली, तर तो युरोपातल्यापेक्षा केनियातल्या विषाणूच्या जवळचा निघाला. मग तोच विषाणू पेशींवर पन्नास वेळा वाढवत नेला, इतका की आजार देण्याची त्याची ताकद गेली. त्यातून बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेसोबत लस तयार झाली, लम्पी-प्रोव्हॅक-इंड. ती जाहीर झाली ऑगस्ट २०२२ मध्ये. डिसेंबरात तिचं तंत्रज्ञान आपल्या पुण्याच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेला मिळालं.

तोवर तुमच्या जनावरांना टोचली ती शेळ्यांच्या देवीची लस. गायीला शेळीची लस कशाला, असं तेव्हा पुष्कळांनी विचारलं. हे दोन्ही विषाणू एकाच घराण्यातले, त्यांची जनुकं सुमारे ९७ टक्के सारखी आहेत. म्हणून एकाची लस दुसऱ्यापासूनही बचाव करते.

पण काम तिथे संपलं नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२२ च्या साथीतल्या नमुन्यांमधल्या विषाणूंची जनुकं वाचली, त्यात महाराष्ट्रातले नमुनेही होते. त्यांना दोन प्रकारचे विषाणू सापडले. एक जवळपास २०१९ सारखाच. दुसऱ्यात मात्र १८०० हून जास्त बदल, आणि तो रशियातल्या २०१५ च्या विषाणूशी मिळताजुळता. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. मागच्या साथीत जे शिकलो तेवढ्यावर पुढच्या साथीत भागेलच असं नाही, दर वेळी नवे नमुने लागणार. आणि ते मिळणार तुमच्याच गोठ्यातून.

तेव्हा अंगावर गाठी दिसल्या, की जनावर वेगळं बांधा आणि १९६२ या पशुवैद्यकीय मदतक्रमांकावर फोन करा, किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. खपली स्वतः ओरबाडू नका. डॉक्टर हातमोजे घालून खपली घेतील, थोडं रक्तही घेतील आणि बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवतील. गळून पडलेल्या खपल्या गोळा करून जाळा किंवा खोल पुरा, कारण सुकलेल्या खपलीत हा विषाणू महिनाभराहून जास्त टिकतो.

आणि हो, लम्पी माणसाला होत नाही. दूध नेहमीसारखं उकळून प्या.