बोडोनीची बारीक रेघ

(दृश्य : पंचांची पेटी, अगदी जवळून)

या बोटभर पोलादी कांड्या म्हणजे पंच. प्रत्येकीच्या टोकावर एकच अक्षर, तेही उलटं. इटलीतल्या पार्मा शहरात, पिलोत्ता राजवाड्यातल्या बोडोनी संग्रहालयात असे हजारो पंच जपून ठेवले आहेत. जांबात्तिस्ता बोडोनी १७६८मध्ये इथल्या ड्यूकचा छापखाना सांभाळायला आला. आधी पॅरिसच्या फूर्निए या कारागिराचे टाइप, म्हणजे छपाईची अक्षरं, वापरले, मग स्वतःचेच कोरायला घेतले.

(दृश्य : कॅपिटल ‘एच’)

उभे दांडे जाड, मधली आडवी रेघ जेमतेम दिसेल इतकी. टोकाची छोटी आडवी पट्टी, म्हणजे सेरिफही तेवढीच बारीक आणि दांड्याला थेट काटकोनात भिडलेली. जुन्या रोमन टाइपात या सांध्याला गोलाईचा आधार असायचा, तो इथे काढून टाकलाय. अक्षराची सगळी ऐट त्यातून येते. खिळा, म्हणजे छपाईचं धातूचं अक्षर, झिजला की आधी तुटते तीही हीच रेघ.

(दृश्य : कानस, मेणबत्ती, काजळी)

कोरीवकाम मऊ पोलादावर चालतं. अक्षराच्या पोटातली मोकळी जागा आधी वेगळ्या पंचाने ठोकून घ्यायची, मग बाहेरची बाजू कानशीने घासत आणायची. टोक ज्योतीवर धरून काजळी चढवायची, कागदावर दाबायचं, ठसा पाहायचा. रेघ जाड वाटली तर पुन्हा कानस. जास्त घासली गेली, तर टोक सपाट करून पहिल्यापासून सुरुवात. मनासारखं झालं की पंच लाल होईपर्यंत तापवून कडक होण्यासाठी विझवायचा. त्याने पोलाद ठिसूळ होतं, म्हणून पुन्हा हलकेच शेकायचं. मग पंच तांब्याच्या तुकड्यात ठोकायचा. तांबं फुगतं, ते घासून सारखं केलं नाही, ठशाची खोली एकसारखी आली नाही, तर ओळीतली अक्षरं वरखाली होतात. शेवटी हा तुकडा साच्यात बसवून त्यात शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा रस ओतला की खिळा तयार.

आणि हे सगळं प्रत्येक आकारासाठी नव्याने! लहान आकारात बोडोनीने बारीक रेघ प्रमाणात जाड ठेवली, अक्षरं थोडी ऐसपैस. १८१३मध्ये तो वारला. त्याचा दोन खंडी नमुनाग्रंथ पत्नी मार्गेरिताने १८१८मध्ये छापून काढला.

(दृश्य : संगणकाचा पडदा)

त्याच्या नावाच्या टाइपाचा संगणकावर मात्र बऱ्याचदा एकच आराखडा सगळ्या आकारांना ताणतात. मथळ्याला तो शोभतो. ‘व्होग’ या फॅशन मासिकाच्या मुखपृष्ठावरचं नाव याच घराण्यातल्या दीदो या टाइपाच्या वळणाचं आहे. आठ पॉइंटच्या (पॉइंट हे अक्षराच्या आकाराचं माप) बारीक मजकुरात त्याच रेघा विरतात आणि उभ्या दांड्यांचं कुंपण उरतं. काळ्यावर पांढरी अक्षरं छापली, तर शाई पसरून रेघ बुजते. १९९४च्या ‘आयटीसी बोडोनी’ या टाइपात म्हणूनच सहा, बारा आणि बहात्तर पॉइंटसाठी तीन वेगळे आराखडे आहेत, तेही पार्माचे मूळ नमुने अभ्यासून केलेले. बहात्तरचा मथळ्यापुरताच ठेवावा.

शेजारी देवनागरी असेल, तर भरीव शिरोरेषेपुढे बोडोनी फिका पडतो. बोल्ड घेऊन भागत नाही. दांडे आणखी फुगतात, रेघ जवळपास तशीच राहते. सहाचा आराखडा मोठा करून वापरला, तर बऱ्यापैकी जमतं.