रॉकी मार्सियानोचे मोजमाप

(दृश्य: रत्नागिरी, मिरकरवाडा बंदराजवळची एक सरावाची खोली. भिंतीवर खडूने लिहिलेला आकडा: ४९–०.)

एकोणपन्नास लढती, एकोणपन्नास विजय आणि त्यांपैकी ४३ नॉकआउट. अमेरिकन मुष्टियोद्धा रॉकी मार्सियानो एप्रिल १९५६ मध्ये, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, हेवीवेट जगज्जेतेपद अंगावर असतानाच निवृत्त झाला आणि पुन्हा रिंगणात उतरला नाही. व्यावसायिक कारकिर्दीत एकही पराभव न पाहता असा बाहेर पडलेला हेवीवेट जगज्जेता त्यापूर्वी झाला नव्हता. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ब्रॉक्टन या जोडे बनवणाऱ्या गावातल्या, इटलीहून आलेल्या कामगाराच्या या मुलाच्या नावाने रत्नागिरीच्या बंदरावर आजही वाद रंगतो, आणि तो वाद नेहमी एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतो: या माणसाला त्याच्या योग्यतेपेक्षा जास्त मान मिळाला आहे का?

इथल्या मुलांचा पक्ष सरळ आहे. जो कधी हरलाच नाही, त्याच्यावर दुसरा कोण? मुंबईत आयुष्यभर नोकरी करून गावी परतलेले आणि संध्याकाळी सराव पाहायला येऊन बसणारे एक ज्येष्ठ गृहस्थ मात्र एवढेच विचारतात, “अरे, जिंकला कुणाला, ते आधी बघ ना!”

हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. ऑक्टोबर १९५१ मध्ये मार्सियानोने ज्या माजी जगज्जेत्या जो लुईला आठव्या फेरीत रिंगणाबाहेर फेकले, तो लुई ३७ वर्षांचा होता आणि कराची थकबाकी डोक्यावर असल्यामुळे पुन्हा लढायला उभा राहिला होता. लुई हा मार्सियानोचा स्वतःचा आदर्श होता, आणि त्या विजयानंतर मार्सियानो रडला. १९५२ मध्ये ज्याच्याकडून त्याने जगज्जेतेपद घेतले, तो जर्सी जो वॉलकॉट ३८ वर्षांचा होता. १९५५ मधला शेवटचा प्रतिस्पर्धी आर्ची मूर हाही तितकाच वयस्क आणि मुळात लाइट हेवीवेट, म्हणजे हेवीवेटच्या खालच्या वजनगटाचा, जगज्जेता होता. मार्सियानोच्या निवृत्तीनंतर, नोव्हेंबर १९५६ मध्ये, याच मूरला नॉकआउट करून २१ वर्षांच्या फ्लॉइड पॅटरसनने रिकामे जगज्जेतेपद मिळवले. म्हणजे नवी पिढी दारात येऊन उभी असताना मार्सियानो निघून गेला होता. वासरांत लंगडी गाय शहाणी, असा या पक्षाचा एकूण सूर असतो.

शून्याची गोष्टही दिसते तेवढी भक्कम नाही. मार्च १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रोलँड लास्टार्झाविरुद्धचा निकाल पंचांचे एकमत न होता विभागून लागला होता, आणि तो दुसरीकडे झुकला असता तर भिंतीवरचा हा आकडा कुणी लिहिलाच नसता. हौशी गटात तर मार्सियानो हरलाही होता. १९४८ मध्ये कोली वॉलेसने त्याला गुणांवर हरवले होते.

(दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर जुनी कृष्णधवल चित्रफीत. मुले खांद्याला खांदा लावून पाहत आहेत.)

आता २३ सप्टेंबर १९५२ च्या रात्रीकडे, फिलाडेल्फियाकडे वळू, कारण या वादाचे उत्तर माझ्या मते याच एका लढतीत सर्वांत जास्त सापडते. पहिल्याच फेरीत वॉलकॉटच्या डाव्या हुकने, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने, मार्सियानो खाली पडला. व्यावसायिक कारकिर्दीत जमिनीला टेकण्याची ती त्याची पहिलीच वेळ. पुढच्या अकरा फेऱ्यांत ३८ वर्षांचा वॉलकॉट म्हातारा मुळीच वाटत नाही. तो बाजूला सरकतो, अंतर राखतो, पुढे घुसणाऱ्या मार्सियानोला वाटेत गाठतो, आणि बारावी फेरी संपते तेव्हा तिन्ही गुणपत्रकांवर वॉलकॉट पुढे असतो. मार्सियानोला आता नॉकआउटवाचून दुसरी वाट उरलेली नसते. तेराव्या फेरीत वॉलकॉटची पाठ दोरांकडे जाते, दोघेही एकाच वेळी उजवा हात सोडतात, मार्सियानोचा आधी पोहोचतो. तो ठोसा इतक्या थोड्या अंतरातून येतो की, चित्रफीत सावकाश चालवल्याशिवाय तो नीट दिसतही नाही. वॉलकॉटचा हात दोराला अडकतो आणि गुडघे मुडपून तो हळूहळू खाली जातो. फेरी सुरू होऊन ४३ सेकंद झालेले असतात.

समोरचा थकला होता म्हणून हा विजय मिळाला, असे ही लढत पूर्ण पाहिलेला माणूस म्हणू शकणार नाही.

मार्सियानोच्या शरीराचा विचारही इथेच करायला हवा. उंची सहा फुटांच्या आत, वजन साधारण ८४ किलो आणि हातांचा पल्ला सुमारे ६८ इंच. पुढे आलेल्या मुहंमद अलीचा पल्ला ७८ इंच होता. एवढ्या आखूड हातांच्या माणसाने हेवीवेटमध्ये टिकायचे कसे, याचे उत्तर प्रशिक्षक चार्ली गोल्डमन यांनी शोधले. उंची वाढवता येत नाही, तर आणखी खाली वाका, असे त्यांनी शिकवले. दोन पावलांतले अंतर बिघडू नये म्हणून ते त्याचे पाय दोरीने बांधून सराव घेत. मार्सियानो पोहण्याच्या तलावात उतरून पाण्याखाली ठोसे मारत असे.

(दृश्य: भाट्ये किनारा, हिवाळ्यातली सकाळ. ओहोटीच्या पाण्यात कमरेपर्यंत उभा असलेला एक मुलगा अपरकटचा, म्हणजे खालून वर जाणाऱ्या ठोशाचा, सराव करतो आहे.)

मच्छीमार घरातल्या या मुलाचे हात त्याच्या गटातल्या इतरांपेक्षा आखूड आहेत. त्याच्या प्रशिक्षकांनी त्याला मार्सियानोचा आकडा पाठ करायला सांगितलेला नाही. ते त्याला पुनःपुन्हा एकच गोष्ट दाखवतात: डोके समोरच्याच्या छातीच्या पातळीला, उजवी कोपर बरगडीला चिकटलेली, आणि पाऊल पुढे पडल्यानंतरच ठोसा. पाण्यात मूठ वर आणताना कोपर बाहेर गेली की पाणी लगेच हात अडवते, त्यामुळे चूक त्याची त्यालाच कळते. “कोपर आत घे रे, आत!” एवढीच हाक किनाऱ्यावरून येत राहते.

माझे मत मी इथे स्पष्ट सांगतो. सर्वकाळच्या हेवीवेट योद्ध्यांत मार्सियानोला पहिल्या दोन-तीन जागांवर बसवणे मला पटत नाही. लांब पल्ल्याच्या, वेगवान आणि शंभर किलोंच्या घरातल्या योद्ध्यांपुढे त्याला तितके जवळ जाता आले असते, असे वाटत नाही. मात्र त्याच्या शून्याला नशिबाचा खेळ म्हणणाऱ्यांनी नंतरच्या काळातला हेवीवेट जगज्जेता लॅरी होम्स याची आठवण ठेवावी. होम्स ४८ विजय आणि शून्य पराभव घेऊन २१ सप्टेंबर १९८५ रोजी, म्हणजे मार्सियानोच्या शेवटच्या लढतीला बरोबर तीस वर्षे झाली त्या दिवशी, मायकेल स्पिंक्ससमोर उभा राहिला आणि गुणांवर हरला. स्पिंक्सही लाइट हेवीवेटचाच जगज्जेता होता. आर्ची मूरने दुसऱ्या फेरीत मार्सियानोला खाली पाडले होते. तरीही नवव्या फेरीत नॉकआउट झाला तो मूर.

(दृश्य: पुन्हा सरावाची खोली. संध्याकाळ.)

प्रतिस्पर्ध्यांच्या यादीत एक नाव मात्र ज्येष्ठ गृहस्थही कधी हलके मानत नाहीत. ते नाव आहे एझार्ड चार्ल्स. त्याने आर्ची मूरला तीनदा हरवले होते, १९५० मध्ये जो लुईला गुणांवर नमवले होते, आणि जून १९५४ मध्ये मार्सियानोविरुद्ध पूर्ण पंधरा फेऱ्या उभा राहणारा तो एकमेव योद्धा ठरला. तीन महिन्यांनी दोघे पुन्हा भिडले, तेव्हा चार्ल्सने मार्सियानोची नाकपुडी अशी फाडली की रक्त थांबेना, आणि लढत थांबवली जाण्याची वेळ जवळ आली. आठव्या फेरीत मार्सियानोने चार्ल्सला नॉकआउट केले. “याचं नाव तुमच्या भिंतीवर का नाही?” असे ते मुलांना विचारतात, आणि प्रशिक्षकांनी तो प्रश्न मनावर घेऊन पुढच्या रविवारी सर्वांना चार्ल्सच्या लढती दाखवायचे ठरवले आहे.